तडीपार कोण?

"सर, 'तडीपार' ऐकलंत?" चिंचवडच्या आमच्या वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला. मुलाचे वडील चाकणला पाळीवर जातात. मला वाटले, शब्दाचा अर्थ विचारतो आहे! निघाला तो रॅप गाण्यांचा अल्बम. पुण्यातील ताडीवाला रोडच्या एमसी स्टॅनने २०२० साली काढलेला. शब्द त्याचे, संगीतही त्याचेच.

रात्री ऐकला. शिव्या कानी पडताच सौभाग्यवतींनी दार लोटले. टीकाकारांचीही तक्रार तीच. मला मात्र १९७२ सालचा ढसाळांचा 'गोलपिठा' आठवला. तेव्हाही सभ्य मंडळींनी नाकाला रुमाल लावला होता. आज तो आम्ही शिकवतो! दोन्ही एकाच तोलाचे, असे मी म्हणत नाही. पण वस्तीची भाषा हद्दीबाहेर घालवण्यापूर्वी निदान ऐकावी तरी!

"ऐकला रे," मी दुसऱ्या दिवशी म्हणालो. मुलगा पुढच्या बाकावर येऊन बसला.