बनारसीदास आणि त्यांचे श्रोते

जौनपूर शहरात गोमती नदीवर अकबराच्या काळात बांधलेला दगडी पूल आजही उभा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी एके दिवशी या पुलावर काही तरुण मित्र येऊन बसले. त्यांच्यातील एक श्रीमाळ जैन जवाहिऱ्याचा मुलगा होता. वयाच्या चौदाव्या वर्षी रचलेली आपली पोथी तो सोबत्यांना वाचून दाखवीत होता. सुमारे एक हजार दोहे-चौपायांची ही रचना नाव नवरसांचे सांगत होती. वर्णन मात्र बहुतेक शृंगाराचेच होते. वाचता वाचता त्याच्या मनात विचार आला, की एकदा असत्य बोलणाऱ्यालाही नरकाचे दुःख भोगावे लागते, मग ज्या पोथीत एकही गोष्ट खरी नाही तिच्या कर्त्याची गती काय? तो काही वेळ नदीकडे पाहत राहिला आणि त्याने पोथी पाण्यात टाकून दिली.

मित्र हाय हाय करू लागले. पण पाणी खोल होते आणि पाने दूरवर पसरली होती. ती गोळा कोण करणार? दोन घटका त्यांनी हळहळ केली, कर्माची गती विचित्र असते असे म्हटले आणि सर्वजण आपापल्या घरी गेले.

हा तरुण म्हणजे बनारसीदास. जन्म संवत १६४३, म्हणजे इ. स. १५८६. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी 'अर्धकथानक' हे आपले चरित्र पद्यात लिहिले आणि हा प्रसंग त्यात स्वतःच नोंदवला. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्यांनी ही निम्म्या आयुष्याची कथा सांगितली, म्हणून ते नाव. प्रसंग वाचताना लक्ष कवीच्या वैराग्याकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. त्यांच्या पित्यालाही, खरगसेन यांना, मुलगा मार्गावर आल्याचा आनंद झाला होता. तथापि पुलावरील त्या मित्रांकडेही थोडे पाहिले पाहिजे. त्यांना पोथी आवडत होती, तिच्या नाशाचे दुःखही झाले. परंतु कल्पित असणे आणि असत्य असणे यांत अंतर आहे, एवढे एक वाक्य त्यांच्यापैकी कोणी उच्चारल्याची नोंद नाही. त्यांच्यापाशी हळहळ होती, पण उत्तर नव्हते. पुढे बनारसीदासांच्या आयुष्यात जे श्रोते आले ते निराळे होते, आणि त्यांचे उरलेले लेखन त्या श्रोत्यांमुळे घडले.

पहिला निराळा श्रोता कचोरीवाला होता. बनारसीदास जवाहीर, तूप, तेल आणि कापड घेऊन आगऱ्यास व्यापाराला गेले. परक्या बाजाराची रीत ठाऊक नव्हती. माल नुकसानीत गेला, जवळची रत्नेही हरवली. बाजारात तोंड दाखवण्याची सोय उरली नाही, तेव्हा ते घरीच बसू लागले आणि रात्री 'मधुमालती' व 'मृगावती' या दोन पोथ्या वाचू लागले. दोन्ही सूफी कवींच्या प्रेमकथा, म्हणजे पुन्हा कल्पितच! दहा-वीस माणसे ऐकायला येत, गात, बोलत, आशीर्वाद देऊन जात. सकाळी उठून खावे असे घरात काही नसे. नित्य येणाऱ्या श्रोत्यांमध्ये एक कचोरी विकणारा होता. त्याच्या दुकानातून बनारसीदास रोज शेरभर कचोरी उधारीवर आणत. एके दिवशी एकांत साधून त्यांनी त्याला आपली स्थिती सांगितली: आता पुढे उधार देऊ नका, माझ्यापाशी काही नाही, पैसे कोठून वसूल कराल? त्यावर तो म्हणाला, की वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वही लिहिली जाते त्यांना या उत्तराचे वजन सांगावे लागत नाही. पुढे दिवस पालटले आणि बनारसीदासांनी ते खाते चुकते केले.

त्यानंतरचा सोबती विद्येचा. संवत १६८० च्या सुमारास अरथमल ढोर या अध्यात्मप्रेमी गृहस्थाने त्यांच्या हाती 'समयसारा'वरील राजमल्लांची टीका दिली. या टीकेमागे मोठी परंपरा होती. कुंदकुंदाचार्यांच्या प्राकृत गाथांवर अमृतचंद्राचार्यांनी 'आत्मख्याति' टीका लिहिली आणि तिच्यात संस्कृत श्लोकांचे कलश चढवले. त्या कलशांचा अर्थ राजमल्लांनी लोकभाषेत उलगडला. प्रत्येकाने आधीच्याचे लेखन आदराने वाचले आणि त्यात आपली भर घातली. हा ग्रंथ वाचून बनारसीदासांना क्रियाकांड निरर्थक वाटू लागले. मात्र त्याचे मर्म त्यांच्या हाती लागले नव्हते.

येथून 'अर्धकथानका'तील सर्वांत धीट कबुली सुरू होते. चंद्रभान, उदयकरन आणि थानमल या तीन मित्रांसह ते एका कोठडीत वस्त्रे टाकून फिरत आणि आता आपण मुनिराज झालो, परिग्रह उरला नाही, असे म्हणत. व्रत, पूजा, सामायिक या सर्वांची ते थट्टा करीत. चौघांचे मत एकच होते, आणि अडचण नेमकी तीच होती. एक बोले, तिघे मान डोलवीत. याच काळात बनारसीदासांची लेखणी 'ज्ञानपच्चीसी' आणि 'ध्यानबत्तीसी' लिहीत होती; कोठडीत मात्र चुकीला चूक म्हणणारा कोणी नव्हता. गावात निंदा होई, परंतु बाहेरच्यांच्या निंदेने असे मंडळ अधिकच घट्ट होते.

संवत १६९२ मध्ये पंडित रूपचंद आगऱ्यास आले आणि तिहुना साहूंच्या मंदिरात उतरले. अध्यात्माचा छंद असलेले सर्वजण त्यांच्याकडे जमले आणि त्यांनी 'गोम्मटसारा'चे वाचन सुरू केले. आत्म्याची उन्नती चौदा गुणस्थानांतून होते आणि ज्या स्थानावर जीव आहे तेथे उचित अशी क्रिया असते, हे त्यांनी उलगडून दाखवले. वर्षानुवर्षांची गाठ या वाचनाने सुटली. रूपचंदांनी कोणाला दटावल्याचे बनारसीदास सांगत नाहीत. त्यांनी केवळ दुसरा ग्रंथ उघडला आणि पहिल्या ग्रंथाचा अर्थ जागेवर बसला. पुढे दोन वर्षांतच रूपचंद निवर्तले. बनारसीदासांनी तीही नोंद केली आहे.

यानंतर जे घडले ते पंचांच्या बैठकीत घडले. रूपचंद, चतुर्भुज, भगौतीदास, कुँवरपाल आणि धर्मदास ही पाच नावे बनारसीदासांनी 'समयसार नाटका'च्या शेवटी आदराने नोंदवली आहेत. (यातील रूपचंद म्हणजे ते पंडितच की दुसरे कोणी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.) पाचहीजण एकत्र बसून परमार्थाची चर्चा करीत, कधी समयसार ऐकत, कधी अन्य सिद्धांत. राजमल्लांची टीका सुगम आहे, ती पद्यात आली तर भाषेतला ग्रंथ म्हणून सर्वच वाचतील, असा विचार पुढे आला. बनारसीदासांनी पंचांची अनुज्ञा घेतली आणि मगच लेखणी उचलली. संवत १६९३ मध्ये, शाहजहानच्या राजवटीत, ग्रंथ पूर्ण झाला. हजार चौपाया एकट्याने रचून एका क्षणात बुडवणारा कवी आता पाच मित्रांना विचारून ग्रंथ आरंभीत होता.

कुँवरपाल तर श्रोतेपणाच्याही पलीकडे गेले. सोमप्रभाचार्यांच्या 'सूक्तिमुक्तावली'चा भाषानुवाद संवत १६९१ मध्ये त्यांनी आणि बनारसीदासांनी मिळून केला आणि दोघांची नावे एकत्र घातली. दोन व्यापारी मित्रांची भागीदारी दुकानात नेहमीच दिसते. पद्यात ती विरळ.

प्रतिसाद सगळेच गोड नव्हते. उपाध्याय यशोविजयांनी 'अध्यात्ममतपरीक्षा' आणि उपाध्याय मेघविजयांनी 'युक्तिप्रबोध' लिहून या आगऱ्याच्या मताचे खंडन केले. त्या वादातील पक्ष आजही दोन्ही बाजूंनी मांडले जातात. एवढे मात्र खरे, की आगऱ्यातील गृहस्थांच्या एका बैठकीला उत्तर देण्यासाठी अशा विद्वान साधूंना ग्रंथ लिहावेसे वाटले. दुर्लक्षाने बैठक मोडली असती. खंडनाने तिचे नाव टिकले.

बनारसीदासांचे सांसारिक जीवन दुःखाचे होते. तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली. 'अर्धकथानक' लिहिले तेव्हा, संवत १६९८ मध्ये, पोथी सांभाळण्यास घरात मूल नव्हते. ही कथा दुर्जन ऐकतील तर हसतील आणि मित्र मात्र वाचतील, सांगतील, असे त्यांनी तिच्या शेवटी लिहिले आहे. त्यांच्या निधनानंतर आगऱ्याच्याच जगजीवन यांनी विखुरलेल्या लहान रचना मिळवून संवत १७०१ मध्ये 'बनारसी विलास' हा संग्रह सिद्ध केला. १९४३ मध्ये 'अर्धकथानका'ची संपादित आवृत्ती मुंबईत नाथूराम प्रेमी यांनी प्रसिद्ध केली. गोमतीत पडलेली पाने कोणी गोळा केली नाहीत. आगऱ्यातली मात्र जगजीवनांनी केली, एकेक करून.