सातवा क्रूस रिकामा राहिला!

जर्मन कादंबरीकार म्हटले की आपल्या सुशिक्षित घरांतून दोन-तीन नावे चटकन पुढे येतात. थॉमस मान, रेमार्क, फार तर हर्मान हेसे. आना झेगर्स हे नाव मात्र मीही पुष्कळ वर्षे ऐकले नव्हते. मुंबईत फाउंटनजवळच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळताना ‘द सेव्हन्थ क्रॉस’ या कादंबरीची पाठ फाटलेली इंग्रजी प्रत हाती लागली, ती केवळ स्वस्त मिळाली म्हणून मी घरी आणली. रात्री जेवणानंतर वाचायला बसलो आणि दिवा मालवला तेव्हा दूधवाल्याची वेळ झाली होती.

कथानक तसे दोन ओळींत सांगता येईल. हिटलरच्या अमदानीत ऱ्हाइन नदीकाठच्या एका छळछावणीतून सात कैदी पळतात. छावणीचा अधिकारी सात झाडांचे शेंडे छाटून त्यांच्यावर आडव्या फळ्या ठोकवतो. एकेका कैद्यासाठी एकेक क्रूस! सातांपैकी सहा जण पकडले जातात वा मरतात. सातवा, गेऑर्ग हाइस्लर, मात्र सापडत नाही. त्याचा क्रूस रिकामाच राहतो.

पण या पुस्तकाची खरी गंमत पळणाऱ्यात नाही. त्याला दार उघडणाऱ्यांत आहे. बाईंनी येथे वीरपुरुष उभे केलेले नाहीत. त्याच्या जखमी हाताला पट्टी बांधणारा ज्यू डॉक्टर, नाटकांचे पोशाख शिवणारी एक बाई, बायकोमुलांच्या संसारात गुरफटलेला त्याचा बालमित्र पाउल, अशी ही तुमच्याआमच्यासारखी माणसे आहेत. दारावर थाप पडली की त्यांच्याही पोटात गोळा येतो. कोणी दार उघडतो, कोणी लावून घेतो.

हे लिहिणारी बाई होती तरी कोण? ऱ्हाइनकाठच्या माइन्झ शहरात १९ नोव्हेंबर १९०० रोजी एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात ती जन्मली. नाव नेटी रायलिंग. वडील कलावस्तूंचे व्यापारी, ती एकुलती एक मुलगी. हायडेलबर्ग विद्यापीठात तिने रेम्ब्रांटच्या चित्रांतील ज्यूंवर प्रबंध लिहून १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी लास्लो राद्वान्यी या हंगेरियन विद्वानाशी तिचे लग्न झाले. एक मुलगा, एक मुलगी झाली. हर्क्युलिस सेघर्स या जुन्या डच चित्रकाराच्या आडनावावरून तिने आपले टोपणनाव घेतले. मच्छिमारांच्या बंडावरील तिचे पहिले पुस्तक १९२८ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी तिला क्लाइस्ट पारितोषिक मिळाले. ती कम्युनिस्ट पक्षात शिरली तीही त्याच वर्षी.

ज्यू, कम्युनिस्ट आणि लेखिका! १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच तिला काही काळ अटक झाली, पुस्तकांवर बंदी आली. सुटताच ती देशाबाहेर पडली आणि पॅरिसला आली. घर सांभाळून, कॉफीगृहातल्या टेबलापाशी बसून तिने ‘सातवा क्रूस’ लिहिली. १९४० साली जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या तेव्हा नवरा फ्रान्समधल्याच एका छावणीत स्थानबद्ध होता. दोन मुलांना घेऊन ती दक्षिणेकडे निघाली. मार्सेय बंदरात परवान्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि मार्च १९४१ मध्ये सारे कुटुंब एका जुनाट बोटीत बसले. पुढे जगप्रसिद्ध झालेले मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस आणि कवी आंद्रे ब्रेताँ याच बोटीवर होते. मार्सेयमधल्या त्या जीवघेण्या ताटकळण्यातूनच ‘ट्रान्झिट’ ही तिची दुसरी मोठी कादंबरी जन्मली.

आणि ‘सातवा क्रूस’चे हस्तलिखित? त्याच्या प्रती निरनिराळ्या हाती होत्या. युद्धाच्या धांदलीत काही नाहीशा झाल्या. अमेरिकेला गेलेली प्रत वाचली. गेऑर्गसारखे पुस्तकही निसटले म्हणायचे! १९४२ मध्ये ते अमेरिकेत इंग्रजीतून आणि मेक्सिकोत जर्मनमधून प्रसिद्ध झाले. १९४४ मध्ये स्पेन्सर ट्रेसीला घेऊन हॉलिवुडने त्यावर चित्रपट काढला.

एका बाजूला हे यश, तर दुसऱ्या बाजूला काय? वडील १९४० मध्ये वारले होते. आई माइन्झमध्ये एकटी अडकली होती. तिला बाहेर काढण्याची मुलीची खटपट फळाला आली नाही. ज्या वर्षी कादंबरी जगभर गाजू लागली त्याच १९४२ च्या मार्चमध्ये आईला पोलंडमध्ये पाठवण्यात आले. ती परत आली नाही.

पुढल्या वर्षी मेक्सिको शहरात बाईंना मोटारीचा भयंकर अपघात झाला. डोक्याला मार लागून स्मृती गेली, ती हळूहळू परतली. त्यानंतर त्यांनी जी कथा लिहिली ती माझ्या मते त्यांची सर्वोत्तम कथा. शाळेतल्या मुली ऱ्हाइनकाठी सहलीला जातात, सी-सॉवर झुलतात, एकमेकींच्या गळ्यात गळा घालतात. आणि त्यातली कोण कशी मेली, कोणी कुणाचा घात केला, हे लेखिका त्याच ओघात सांगत जाते. शेवटी छोटी नेटी घरी परतते. वर आई वाट पाहत असते. पण जिना काही चढवत नाही. ही कथा मी सौ.ला मराठीत सांगितली. ऐकून ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिची आई नुकतीच गेली होती.

कथा इथेच संपवता आली असती तर बरे झाले असते. परंतु आयुष्य तसे नसते. १९४७ मध्ये बाई जर्मनीला परतल्या, त्याच वर्षी त्यांना ब्यूख्नर पारितोषिक मिळाले. पुढे त्या पूर्व बर्लिनमध्ये स्थायिक झाल्या. १९५२ पासून १९७८ पर्यंत पूर्व जर्मन लेखकसंघाच्या अध्यक्ष होत्या. मेक्सिकोत त्यांचे पुस्तक छापणाऱ्या प्रकाशनसंस्थेचा चालक वाल्टर यांका याच्यावर १९५७ मध्ये तिथल्या सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. बाई न्यायालयात हजर होत्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. यांकाला पाच वर्षांची शिक्षा झाली. १९८९ मध्ये त्याने या मौनाविषयी लिहिले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. बाई १ जून १९८३ रोजीच वारल्या होत्या. त्यांच्या पश्चात, १९९० मध्ये, त्यांची एक अप्रकाशित कथा छापली गेली. निरपराध माणसाला दोषी ठरवायला नकार देणाऱ्या न्यायाधीशाची ती कथा होती!

हे वाचले तेव्हा प्रथम मला राग आला. दार उघडणाऱ्या माणसांची कथा लिहिणारीने स्वतःचे दार लावून घ्यावे? पण मग मला माझी कचेरी आठवली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यावर खोटा आळ आला होता. खरे काय ते मला ठाऊक होते. चौकशीत मला विचारले गेले नाही आणि मीही आपण होऊन उठलो नाही. घरी दोन मुले होती, बढती तोंडावर होती. तो नोकरी सोडून गेला. मला कोणी छावणीत घालणार नव्हते, तरी माझी जीभ उचलली नाही!

तेव्हापासून बाईंचा न्याय करायला मी बसत नाही. त्यांच्या मौनाला मी मौनच म्हणतो, त्याला दुसरे गोंडस नाव देत नाही. परंतु त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्याहून मोठे आहे आणि ते आजही वाचणाऱ्याच्या दारावर थाप मारते. ती फाटकी प्रत मी पुन्हा बांधून घेतली आहे. यंदा दिवाळीला मुले घरी येतील, तेव्हा थोरल्याच्या हाती देणार आहे. सहकाऱ्याची ती हकीकत त्याला अजून ठाऊक नाही. पुस्तकाबरोबर तीही सांगेन म्हणतो.