पाय ओढायचे की पाय जमिनीवर ठेवायचे?

खेकड्यांच्या टोपलीची गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. टोपलीला झाकण नसतं, तरी एकही खेकडा बाहेर पडत नाही. एखादा वर चढू लागला, की बाकीचे त्याचा पाय धरून त्याला खाली ओढतात. गोष्ट सांगणारा शेवटी हमखास म्हणतो, "आपल्या मराठी माणसांचं अगदी असंच आहे!" आणि ऐकणारे माना डोलावतात.

पण गंमत पाहा. हीच गोष्ट बंगाली माणूस बंगाल्यांबद्दल सांगतो. फिलिपिन्समध्ये या वृत्तीचं नावच ‘खेकड्याचं डोकं’ असं आहे. घानामध्ये लोक तिला थट्टेनं ‘पीएचडी’ म्हणतात, म्हणजे ‘पुल हिम डाउन’! जपानी म्हण सांगते, की वर आलेल्या खुंट्यावर घाव बसतो. ऑस्ट्रेलियात ‘टॉल पॉपी सिंड्रोम’ हा शब्द रुळला आहे. पॉपीच्या शेतात जे रोप उंच वाढतं, तेच छाटलं जातं. आणि डेन्मार्क-नॉर्वेत आक्सेल सांदेमोसे या लेखकानं १९३३ साली एका कादंबरीत ‘यान्ते’ नावाच्या काल्पनिक गावाचे दहा नियम लिहिले. त्यांचं सार एवढंच, की स्वतःला इतरांपेक्षा कुणी मोठं समजू नये. आजही तिथले लोक ‘यान्तेचा कायदा’ म्हणून त्यांची आठवण काढतात.

म्हणजे हा आजार एकट्या मराठी माणसाचा नाही. मग तो येतो कुठून?

जवळच्याचंच यश का टोचतं?

सचिन तेंडुलकरच्या शतकांचा हेवा आपल्या गल्लीत कुणी केला नाही. आपण पेढे वाटले. पण आपल्याच बॅचमधल्या मित्राला बढती मिळाली, की मनात बारीकशी कळ येते. असं का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंजर यांनी १९५४ साली मांडलं, की माणूस स्वतःला मोजण्यासाठी आपल्यासारख्याच माणसांशी तुलना करतो. पुढे अब्राहम टेसर यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. जवळच्या माणसाचं यश आपल्या आवडीच्या क्षेत्राबाहेरचं असेल, तर आपण ते मिरवतो. "माझा मावसभाऊ आहे तो!" पण तेच यश आपल्याच क्षेत्रातलं असेल, तर ते टोचतं. तुम्ही गात असाल आणि चुलत बहिणीनं गणिताची परीक्षा गाजवली, तर तुम्हाला आनंद होईल. तीच गाण्याची स्पर्धा जिंकली, तर टाळ्या वाजवताना हात जरा जड होईल. ‘पिकतं तिथं विकत नाही’ ही आपली म्हण कदाचित हेच सांगते.

तेव्हा हेवा वाटला म्हणून आपण वाईट ठरत नाही. त्या हेव्याचं पुढे आपण काय करतो, हे महत्त्वाचं.

कालाहारीतला बैल

उंच वाढलेल्याला थोडं खाली आणणं नेहमी वाईटच असतं का? एक खरी गोष्ट ऐका.

आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात सान लोकांचा अभ्यास करायला रिचर्ड ली नावाचे मानववंशशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात राहिले होते. नाताळच्या मेजवानीसाठी त्यांनी मोठा, धष्टपुष्ट बैल विकत घेतला. पण जो तो येऊन म्हणू लागला, की हा नुसता हाडांचा सापळा आहे, यात कुणाचं पोट भरणार? ली बिचारे हिरमुसले. प्रत्यक्षात बैल कापला, तर चरबीचा जाड थर निघाला! सगळे खो-खो हसले आणि मनसोक्त जेवले.

नंतर ली यांना उलगडा झाला. तिथे मोठी शिकार करून आलेल्या प्रत्येकाची अशीच चेष्टा होते. शिकारीही स्वतः गाजावाजा करत नाही. काही विशेष मिळालं नाही, असंच सांगतो. कारण पुष्कळ मांस आणणारा तरुण उद्या स्वतःला सरदार समजू लागेल आणि बाकीच्यांना नोकर, ही भीती. म्हणून त्याचं डोकं वेळीच थंड करायचं.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. चेष्टा होते ती मांसाची. शिकाऱ्याचं धनुष्य कुणी मोडत नाही. उद्या त्यानं पुन्हा शिकारीला जावं, हीच सगळ्यांची इच्छा असते.

अथेन्सचं खापर

आता याच्या उलट उदाहरण. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापरीच्या तुकड्यावर एखाद्याचं नाव कोरून मत देत आणि पुरेशी मतं पडली, की त्या माणसाला दहा वर्षं शहराबाहेर जावं लागे. कुणी हुकूमशहा होऊ नये, हा मूळ हेतू.

इसवी सनपूर्व ४८२च्या सुमारास ॲरिस्टाइडीस या नेत्यावर ही वेळ आली. त्याला लोक ‘न्यायी’ म्हणत. प्लुटार्कनं सांगितलेली कथा अशी, की एका निरक्षर माणसानं त्याला न ओळखता आपली खापरी त्याच्याच हातात दिली आणि ॲरिस्टाइडीसचं नाव लिहून मागितलं. त्यानं तुझं काय बिघडवलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, की काहीच नाही, मी त्याला ओळखतही नाही. पण जिथे तिथे त्याला ‘न्यायी’ म्हणतात, ते ऐकून कंटाळा आला! ॲरिस्टाइडीसनं मुकाट्यानं स्वतःचं नाव लिहून दिलं. पण दोनच वर्षांत इराणी सैन्य चालून आलं आणि अथेन्सला त्याला परत बोलवावं लागलं.

इथे कापली गेली ती मस्ती नव्हती, माणूसच होता. आपल्याकडेही हे घडलं आहे. १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला निघालेल्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर लोकांनी शेण-चिखल फेकला. २०१४ पासून त्याच पुण्यातलं विद्यापीठ त्यांच्या नावानं ओळखलं जातं. समाज पुढे पुतळे उभारतो, हे खरं. पण दगड-शेण खायची वेळ येते म्हणून किती जणी उंबरठ्याच्या आतच राहिल्या असतील, त्यांची मोजदाद कोण करणार?

घरात काय बोलतो आपण?

"फार शहाणी झालीस का?", "शिंगं फुटली वाटतं!", "जास्त उडू नकोस." ही वाक्यं आपल्या घरोघरी ऐकू येतात. बोलणाऱ्याचा हेतू अनेकदा चांगला असतो. मुलाच्या डोक्यात हवा जाऊ नये, कुणाची दृष्ट लागू नये. पण ऐकणारं मूल वेगळाच धडा घेतं. उत्तर येत असूनही ते वर्गात हात वर करत नाही. मोठेपणी पगारवाढ झाली, तरी ती सासरी सांगावी की नाही, याचा विचार करत बसतं.

म्हणून बोलण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मला खटकतोय तो समोरच्याचा उद्धटपणा, की त्याची उंची?

उद्धटपणा असेल, तर तेवढ्यावरच बोट ठेवा. "पहिली आलीस, छान! पण मैत्रिणीला ‘ढ’ म्हणालीस, ते चुकलं." मुलीचा पाय जमिनीवर राहतो आणि चालणंही थांबत नाही.

खटकतेय ती नुसती उंची असेल, तर तुलना थांबवून चौकशी करा. "कसं जमवलंस? किती दिवस तयारी केलीस?" या दोन प्रश्नांनी हेव्याची जागा कुतूहल घेतं आणि समोरच्यालाही आपले कष्ट कुणी पाहिले, याचं समाधान मिळतं.

आणि यश तुमचंच असेल तर? ते लपवू नका. फक्त सांगताना ज्यांनी हात दिला, त्यांचीही नावं घ्या. कालाहारीतल्या शिकाऱ्यासारखं मांस सगळ्यांच्या पानात पडलं, की चेष्टाही गोड लागते.

आज तुमच्या फॅमिली ग्रुपवर कुणाची आनंदाची बातमी आली असेल, तर नुसता अंगठा दाखवून पुढे जाऊ नका. फोन लावा आणि ती बातमी त्यांच्याच तोंडून ऐका.