सात की आठ?

मैत्रिणींनो, माझ्या हातून एक अन्याय झाला. तोही वीस रुपयांचा! रक्कम ऐकून हसाल, पण गोष्ट ऐका.

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपासच्या वस्त्यांत आमचे दोन-तीन बचत गट चालतात. बहुतेक जणी चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत जातात. कुणी कांड्या भरते, कुणी टॉवेलला शिलाई मारते, कुणी घड्या घालते. त्यांतलीच एक अक्का. घरची भाषा तेलुगू, पण मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. गेली बावीस वर्षं ती मागाच्या शेडमध्ये कोपऱ्यातल्या कांडी मशीनवर बसते.

तर ही अक्का मीटिंगला सारखी चुकायची. ‘सात तारखेला या’ म्हटलं की ही आठला हजर. हप्ता साठ सांगितला की आठच आणायची. कधी काही विचारलं तर नुसती मान डोलवायची. बाकीच्या म्हणायच्या, ‘तिला काही सांगून उपयोग नाही ताई, ती आपल्याच तोऱ्यात असते.’ तिसऱ्यांदा चुकली तेव्हा मी नियमाप्रमाणे वीस रुपये दंड लिहिला. तिने मुकाट्याने पदराची गाठ सोडली आणि पैसे ठेवले. मला तेव्हाही काही कळलं नाही.

कळलं ते भलत्याच ठिकाणी.

माझी पुतणी कॉलेजात एनसीसीत आहे. तिथे बावीस बोअरची रायफल चालवायला मिळाली आणि पोरीला नेमबाजीचं वेडच लागलं. आपल्या मराठी मुलींनी या खेळात नाव काढलंय. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचली, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा घरच्यांनीही ‘शिक’ म्हटलं. पण दुसऱ्याच रविवारी पोरगी रेंजवरून तासाभरात परत. तोंड एवढंसं!

‘काय गं, काय झालं?’

‘काकू, कानाचं विसरले. सरांनी परत पाठवलं. म्हणाले, कानाला लावल्याशिवाय रेंजवर पाऊल ठेवायचं नाही.’

दीर बाहेरगावी, म्हणून तिला घेऊन मीच एमआयडीसीकडच्या दुकानात गेले. हेल्मेट, गमबूट, हातमोजे असं सगळं सेफ्टीचं सामान तिथे मिळतं. दुकानदाराने विचारलं, ‘कशासाठी हवंय? गोळीबाराला की मागाला?’

मी म्हटलं, ‘मागालाही घेतात का?’

तो हसला. ‘घ्यायला पाहिजे. पण घेतंय कोण?’

त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रविवारी दोन तास नेम धरणाऱ्या मुलीला कान झाकल्याशिवाय आत घेत नाहीत. आणि आमची अक्का? बावीस वर्षं, रोज आठ तास! ‘सात’, ‘आठ’, ‘साठ’... तिला यातलं फक्त ‘आ’ ऐकू येत होतं!

कानात नेमकं काय होतं?

अक्काला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले. बंद खोलीत कानाला यंत्र लावून तपासणी झाली. डॉक्टरांनी आलेख दाखवला. जाड आवाजांची रेघ बरी होती, पण बारीक, उंच आवाजांपाशी ती खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेलेली. आवाजाने गेलेल्या कानाची ही खूणच असते म्हणाले. आपल्या आतल्या कानात केसांसारख्या अतिशय नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही. स, श, त, फ, ठ ही अक्षरं आधी हरवतात. म्हणून अशा माणसाला आपण बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय ते समजत नाही. आणि घरचे म्हणतात, ‘हिला हवं तेवढंच ऐकू येतं!’

आवाज मोजतात डेसिबलमध्ये. हे माप जरा फसवं आहे. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते. आपल्याकडच्या कारखाना नियमांत मर्यादा धरली ती ९० डेसिबलला आठ तास आणि १०० ला फक्त दोन तास. अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेची शिफारस तर आठ तासांना ८५ चीच आहे. धोट्याच्या जुन्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९५ ते १०० च्या घरात सहज जातो. बंदुकीची गोष्ट वेगळी. बावीस बोअरच्या रायफलचा बार १४० च्या आसपास, मोठ्या बंदुकीचा त्याहून कितीतरी वर. तो क्षणभरच असतो, पण तेवढ्यानेही कान कायमचा दुखावू शकतो. बंदूक कानाला एका फटक्यात मारते, माग रोज थोडा थोडा.

मग घ्यायचं काय?

दुकानात तीन-चार प्रकार दिसतात. आम्ही दोघींसाठी घेतले, तेव्हा जे शिकले ते सांगते.

पहिला प्रकार फोमच्या बोंडांचा. चहाच्या किमतीत मिळतात आणि आवाज चांगला अडवतात, पण नीट घातली तरच. बोंड बोटांनी वळून बारीक करायचं. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोंड आत सरकवायचं आणि ते फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवायचं. आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटला की समजा, बसलं! तेलकट किंवा कापसाच्या कचऱ्याने माखलेल्या हातांनी मात्र ती वळू नयेत.

दुसरा प्रकार दोरी लावलेल्या रबरी बोंडांचा. धुऊन पुन्हा वापरता येतात, वळावी लागत नाहीत, गळ्यात राहतात म्हणून हरवत नाहीत.

तिसरा प्रकार हेडफोनसारखा, पूर्ण कान झाकणारा, त्याला मफ म्हणतात. घालायला-काढायला सोपा. पण कुड्या, वेल, चष्म्याची काडी, जाड अंबाडा मध्ये आला की फट राहते आणि फटीतून आवाज शिरतो. शिवाय आपल्या सोलापूरचा उन्हाळा! पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात तो कोण घालणार?

चौथा बॅटरीवरचा मफ. बार झाला की आवाज दाबतो, एरवी सरांचं बोलणं ऐकू देतो. नेमबाजाला तो छान. पण माग काही थांबून थांबून वाजत नाही, तेव्हा कारखान्यात त्याचे पैसे वाया.

पाकिटावर आवाज किती कमी होतो त्याचा आकडा असतो. तो प्रयोगशाळेतला. प्रत्यक्षात निम्माच धरून चाला. ३० लिहिलं असेल तर हाती पंधरा. आपल्या मानकाचा क्रमांक आयएस ९१६७ आहे, तोही दुकानात विचारा. बोंड आणि मफ दोन्ही घातले तर बेरीज होत नाही, साधारण पाचच डेसिबलची भर पडते. पण बंदुकीजवळ ती भरही मोलाची, म्हणून पुतणीला दोन्ही घेतले. आणि कानात कापूस कोंबून समाधान मानू नका, त्याने फारसं काहीच अडत नाही.

आणखी एक. जितका जास्त आवाज अडवेल तितकं चांगलं, असंही नाही. कानापर्यंत ७५-८० डेसिबल पोचले तर पुरे. त्याहून फार दाबलं तर हाक, ट्रकचा हॉर्न, धोक्याची घंटा ऐकू येणार नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे आमच्याच एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले. तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते, की कानात बोंडं घालून काम करणार असाल तर धोक्याची सूचना डोळ्यांना दिसेल असा लाल दिवाही मालकाकडे मागा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाळी संपेपर्यंत काढायचं नाही. खरोखर ३० डेसिबल अडवणारं साधन आठ तासांत फक्त अर्धा तास काढलं, तर त्याचा फायदा बारावर येतो. हा हिशेब ऐकून मी चाटच पडले!

अक्काने काय निवडलं?

मफ तिने दोन मिनिटांत काढून ठेवला. ‘ताई, डोकं उकडतंय.’ फोमचं बोंड तिच्या कामाच्या हातांना जमेना. दोरीचं रबरी बोंड मात्र पसंत पडलं. ‘मंगळसूत्रासारखं गळ्यात राहतं,’ म्हणाली. मी मनात म्हटलं, हेच खरं. आकडा कितीही मोठा असो, जे दिवसभर कानात राहील तेच चांगलं.

मग आम्ही पाच-सहा जणी मिळून तिच्या मालकांना भेटलो. आवाजाने आलेला बहिरेपणा कारखाने कायद्याने नोंद करण्याच्या आजारांच्या यादीत घातला होता आणि २०२० च्या नव्या संहितेच्या यादीतही तो आहे, हे सांगितलं. सुरुवातीला ‘बघू’ म्हणाले. दोनदा गेल्यावर कांडीवाल्यांना बोंडं मिळाली. बाकीच्यांना गटाच्या पैशातून घेतली. खोटं कशाला सांगू, चौदा जणींपैकी आता नऊच वापरतात. पाच जणींना कानात खुपतं, त्यांच्यासाठी लहान मापाची शोधतोय.

अक्काचं गेलेलं परत आलं नाही. येणारही नाही. आहे तेवढं टिकावं, एवढंच. पण आता आमच्या मीटिंगची तारीख पाटीवर लिहिली जाते. तिच्याशी बोलताना आम्ही समोर बसून, तोंड दिसेल असं बोलतो. ओरडत नाही. आणि दंडाचे वीस रुपये वहीत खोडून, सगळ्यांसमोर ‘माझी चूक’ असं म्हणून मी तिला परत केले.

ती हसली. म्हणाली, ‘ताई, मला वाटायचं तुम्ही सगळ्या हळू बोलता.’

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही पाहा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं असं काम कुणी करतंय का? पाळीवरून आल्यावर कानात शिट्टी वाजते का? टीव्हीचा आवाज दर वर्षी थोडा वाढतोय का? मग ‘लक्षच देत नाही’ म्हणून रागावण्याआधी एकदा कान तपासून घ्या. मी उशीर केला. तुम्ही करू नका.