सर्दीनंतर बसणारे कानांचे दडे

सर्दी, फ्लू किंवा सायनसचा त्रास ओसरत आला की अनेकांच्या कानांत दडे बसतात. समोरच्याचे बोलणे दुरून आल्यासारखे वाटते, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि गिळताना कानात टक् असे वाजते. हा बहिरेपणा बहुतेक वेळा तात्पुरता असतो.

कानाच्या पडद्यामागे मध्यकर्ण ही हवेने भरलेली छोटी पोकळी असते. तिथून नाकाच्या मागच्या भागापर्यंत सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची नळी जाते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी याच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. एरवी मिटलेली ही नळी गिळताना आणि जांभई देताना क्षणभर उघडते व पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा राखते. सर्दीत तिचे अस्तर सुजते आणि वाट बंद होते. आत अडकलेली हवा हळूहळू शोषली जाते, दाब घटतो आणि पडदा आत ओढला जातो. अडथळा टिकला तर पोकळीत पाणी साचते. मग पडदा आणि त्याला जोडलेली तीन नाजूक हाडे मोकळेपणी हलत नाहीत. ऐकण्याची नस शाबूत असूनही आवाज तिच्यापर्यंत क्षीण होऊन पोहोचतो.

लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असल्याने त्यांना हा त्रास अधिक होतो. टीव्हीचा आवाज वाढवणारे, हाकेला ओ न देणारे मूल हट्टी ठरवण्याआधी त्याचे कान तपासून घ्यावेत.

सूज उतरली की बहुतेकांचे कान काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोकळे होतात. मुलांत साचलेले पाणी बहुधा तीन महिन्यांत आपोआप जिरते. ते टिकून राहिले आणि ऐकू कमी येत असेल, तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. नाक मोकळे करणारे औषधी थेंब काही दिवसांपलीकडे वापरू नयेत; नाक उलट अधिक चोंदते. कानात कोमट तेल घालून उपयोग नाही, कारण अडथळा पडद्याच्या पलीकडे असतो. नाक जोराने शिंकरणे आणि सर्दीत विमानप्रवास शक्यतो टाळावा.

मात्र क्वचित संसर्गानंतर आतल्या कानाला किंवा नसेलाच इजा होते आणि एका कानाचे ऐकणे तीन दिवसांच्या आत एकाएकी घटते. रुग्णाला तेही दडे बसल्यासारखेच वाटते. हा फरक ओळखण्यासाठी डॉक्टर कंप पावणारा नादकाटा कपाळाच्या मध्यावर टेकवतात. एकाच कानाची तक्रार असेल आणि आवाज त्याच कानात मोठा वाटला, तर अडथळा मध्यकर्णात असण्याची शक्यता अधिक. चांगल्या कानात मोठा वाटला, तर नसेचा संशय येतो. अशा वेळी स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर लाभाची शक्यता जास्त असते.

म्हणून ऐकणे अचानक गेले, चक्कर आली, कान फुटला किंवा तीव्र दुखू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी टिकून राहिले, तर नाकामागची जागाही तपासून घ्यावी. तिथली गाठ हे त्याचे कारण असू शकते.