ड्यू लिस्ट

डीप फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक तसाच लसीच्या डब्यात भरायचा नसतो. तो टेबलावर मांडून ठेवायचा, त्याला घाम सुटू द्यायचा, मग कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खुळखुळलं की भरायचा. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी आठच्या सुमाराला हेच चाललेलं असतं. सिस्टर एकेक पॅक उचलून ऐकतात आणि न खुळखुळणारा परत ठेवतात. उन्हाने लस खराब होते हे कुणालाही पटतं. पण कडक बर्फाला टेकून पेंटा लसीची बाटली गोठली तर ती वितळल्यावर लसीसारखीच दिसते आणि काम मात्र करत नाही, हे नव्या माणसाला दोनदा सांगावं लागतं.

चार पॅक चार बाजूंना, मधे प्लास्टिकच्या पिशवीत बाटल्या. डबा मोटारसायकलवर आणि मागोमाग आम्ही. डिसेंबर असल्याने वाटेवर तुरी वाळत आलेल्या, कापसाच्या शेवटच्या वेचण्या चाललेल्या.

सत्र अंगणवाडीत. सिस्टर सतरंजीवर बसल्याबरोबर पोलिओची बाटली उजेडाला धरतात. तिच्यावर एक गोल आणि गोलात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली; दोघांचा रंग एक झाला की बाटली बाद. थर्मामीटर नको, प्रयोगशाळा नको. या खात्यातली मला सगळ्यात आवडलेली वस्तू ती हीच.

दीड महिन्याच्या लेकराला एका बैठकीत पाच लसी. आधी तोंडावाटे: पोलिओचे दोन थेंब, रोटाचा डोस. मग सुया: उजव्या दंडात कातडीत आयपीव्हीचा, म्हणजे टोचायच्या पोलिओ लसीचा, ०.१ मिली, उजव्या मांडीत पीसीव्ही, डाव्या मांडीत पेंटा. आईचा हात लेकराच्या गुडघ्यांवर कसा हवा हे सिस्टर स्वतः धरून दाखवतात. "मागच्या येळंला रात्रभर रडलं हो सिस्टर," एक जण म्हणते. "रडंल की. ताप आला तर औषध देलंय, तेवढं पाज. सुई टोचली तिथं चुना-हळद काही लावू नको." सुई लगेच कटरमध्ये. मग चार गोष्टी: आज काय दिलं, काय त्रास होईल, पुन्हा कधी यायचं, कार्ड जपून ठेवायचं. अर्धा तास बसूनच राहायचं, हे पाचवं. ते कुणाला आवडत नाही.

नऊ महिन्यांचं लेकरू त्या दिवशी एकच होतं. गोवर-रुबेलाची बाटली अनेक डोसांची, पावडर द्रावणात मिसळली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. एकासाठी फोडायची का? नियम सांगतो, फोडायची. सिस्टरांनी बाटलीवर वेळ लिहिली आणि फोडली. बाटली वाया गेल्याचा हिशेब देता येतो. परत पाठवलेलं लेकरू पुढच्या महिन्यात येईलच असं नाही.

पोलिओचे थेंब इथवर आले ते मोठ्या आडवाटेने. अमेरिकेत जोनास साल्क यांची टोचायची लस १९५५ पासून सुरू झालेली होती, तेव्हा अल्बर्ट सेबिन यांच्या थेंबांची मोठी चाचणी तिथे घेणं अवघड झालं. ऐन शीतयुद्धात सेबिन यांनी आपले लसीचे विषाणू मॉस्कोच्या मिखाईल चुमाकोव्ह यांच्या हवाली केले. १९५९ साली सोव्हिएत संघात एक कोटीहून जास्त लोकांना ती लस दिली गेली, पुष्कळांना चक्क गोड गोळीतून. सेनगावातल्या लेकराच्या जिभेवर पडणारे विषाणू त्याच सेबिन वाणाचे आहेत.

नातवाला घेऊन आलेल्या आजींच्या हातावर देवीचा वण होता. "आमच्या टायमाला देवी काढायला यायचे, तर बाया लेकरं घेऊन तुरीत लपायच्या," त्या म्हणाल्या. भारतातली देवीनिर्मूलनाची मोहीम १९६२ ची. तिच्यासाठी सोव्हिएत संघाने कोरडी लस मोठ्या प्रमाणावर भेट दिली होती. उन्हाळ्यातही टिकायची ती. जगातून देवी घालवावी हा ठरावही १९५८ साली त्यांच्याच व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी जागतिक आरोग्य सभेत मांडला होता.

पण मला त्या राजवटीची आठवण लसीमुळे झाली नाही, गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंच्या वहीमुळे झाली. सगळे तिला ड्यू लिस्ट म्हणतात. कोणत्या घरात कोण गरोदर, कोणाचं अडीच महिन्यांचं राहिलंय, कोणाचं साडेतीन. गाव डॉक्टरकडे येण्याची वाट न पाहता खात्यानेच गावाची यादी धरायची, ही कल्पना देशपातळीवर नेटाने राबवली ती क्रांतीनंतरच्या रशियाने. १९१८ च्या जुलैत आरोग्याचं स्वतंत्र खातं निघालं, निकोलाय सेमाश्को १९३० पर्यंत त्याचे प्रमुख होते. देशात यादवी, साबणाची वानवा, उवांवाटे पसरणारा टायफस. अशात १९१९ च्या एप्रिलमध्ये देवीची लस सक्तीची झाली. पुढे बसलेल्या घडीत प्रत्येक डॉक्टरला ठरावीक वस्ती, आणि त्या वस्तीतल्या निरोग्यांचीही जबाबदारी त्याचीच.

कागदावर हे छान दिसतं. खेड्यांत डॉक्टर जायला तयार नव्हते, तिकडेही. अर्धवट शिकलेले वैद्यक, म्हणजे फेल्डशर, नकोत, सर्वांना पुरते डॉक्टर हवेत असं बोल्शेविक म्हणत राहिले आणि खेडी फेल्डशरांच्याच भरवशावर राहिली. १९३३ पासून नव्या पदवीधरांना नेमून दिलेल्या जागी काही वर्षं काढणं सक्तीचं केलं गेलं. आपल्याकडच्या बॉण्डवर कुरकुरणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक असेल की नाही कोण जाणे.

आपल्याकडे आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ चा. सोव्हिएत आरोग्यव्यवस्थेवर पुस्तक लिहिणारे हेन्री सिगेरिस्ट १९४४ साली तिला सल्ला द्यायला भारतात आले होते. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो अहवाल इथल्यासाठी नव्हताच. समितीने तूर्त ४०,००० लोकांमागे एक केंद्र सुचवलं. आज मैदानी भागात प्रमाण ३०,००० ला एक केंद्र, ५,००० ला एक उपकेंद्र. १९७८ च्या सप्टेंबरात प्राथमिक आरोग्याची जागतिक परिषद भरली तीही सोव्हिएत कझाकस्तानातल्या अल्मा-आत्याला. आशा आल्या त्या २००५ नंतर.

आशाताईंच्या यादीत त्या दिवशी काही नावांपुढे एकच शेरा होता: बाहेरगावी. सगळी ऊसतोडीची घरं. मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळीनंतर टोळीबरोबर गेलेली. कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक, तेव्हा तान्हं लेकरू मागे ठेवता येत नाही; तेही फडावर, कोपीत. मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत परत येत नाही. म्हणजे ऐन दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचं वय गाडीत आणि फडात जातं.

यादी पत्त्याला बांधलेली असते आणि माणूस पत्त्यावर नसतो, इथे हा सगळा डोलारा डळमळतो. स्टालिनच्या सरकारने याची वेगळीच तोड काढली होती. १९३२ साली देशांतर्गत पासपोर्ट आणि पत्त्याची नोंद आली, आणि सामूहिक शेतांवरच्या शेतकऱ्यांना तो पासपोर्ट १९७४ पर्यंत सरसकट मिळतच नव्हता. हेतू आरोग्याचा नव्हता, माणूस शेताला जखडण्याचा होता. पण तिथे दवाखान्याची यादी सांभाळणाऱ्याचं काम त्यामुळे सोपंच झालं असणार. आपल्याला तशी सोपी यादी नको. आणि नको असेल तर यादीनेच माणसामागे चालायला हवं, दुसरा उपाय मला दिसत नाही. सध्या ती चालते आशाताईंच्या मोबाइलवर.

दुपारी गर्दी सरल्यावर त्यांनी फडावर फोन लावला. तिकडून ट्रॅक्टरचा आवाज. "माय, त्याचे साडेतीन झाले गं. जवळ दवाखाना कुठंय? कार्ड नेलंस का?" कार्ड गावच्या पेटीत होतं. आशाताई त्या घरी गेल्या, सासूकडून पेटी उघडवली, कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटो पोचला, पण बाई म्हणाली, सुट्टी घेतली तर मुकादम खाडा धरतो. खाडा म्हणजे पैसे कापणं. आशाताईंनी मग मुकादमाचाच नंबर मागितला. तोही याच तालुक्यातला, ओळखीचा निघाला. त्याच्याशी त्या जे बोलल्या ते इथे छापण्यासारखं नाही.

एका वर्षात सगळ्या लसी पुऱ्या झाल्या की आशाला त्या बाळामागे १०० रुपये मिळतात. तिकडे घेतलेला डोस धरून याचे मिळतील का, असं मी विचारलं. "कार्डावर तारीख चढली तर मिळतील," त्या म्हणाल्या. "न्हाई मिळाले तं त्या मुकादमाकडून घीन."