स्नायू : ताकदीबरोबर संरक्षणही

स्नायू म्हटले की डोळ्यांपुढे आखाड्यातला पैलवान उभा राहतो. चालणे, उचलणे, ओढणे एवढेच स्नायूंचे काम, अशी आपली समजूत असते. परंतु शरीराच्या वजनाचा साधारण ३० ते ४० टक्के भाग असलेल्या या स्नायूंचा रोगप्रतिकारशक्तीशीही निकटचा संबंध आहे.

जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. यालाच दाह म्हणतात. दाह हा मुळात शत्रू नव्हे. पांढऱ्या पेशींना मदतीला बोलावण्याची ती शरीराची रीत आहे. स्नायूला इजा झाली की स्नायुपेशीही रासायनिक संदेश सोडून त्यांना बोलावतात. या पांढऱ्या पेशींना लागणारे ग्लुटामिन हे द्रव्यही मोठ्या प्रमाणात स्नायूंतूनच पुरवले जाते.

दाह शमवण्यातही स्नायूंचा वाटा आहे. व्यायाम करताना स्नायू इंटरल्यूकिन-६ नावाचे द्रव्य रक्तात सोडतात, असे कोपनहेगन येथील डॉ. बेंटे पेडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. अशा द्रव्यांना २००३ साली त्यांनी ‘मायोकाइन’ हे नाव दिले. जंतुसंसर्गात हेच द्रव्य दाह वाढवणाऱ्यांच्या बरोबर असते. व्यायामात मात्र त्याच्या मागोमाग दाह आवरणारी द्रव्ये वाढतात. मधुमेह व हृदयविकारात शरीरात मंद दाह धुमसत असतो. रोजच्या चालण्याने या रुग्णांना जो फायदा होतो, त्याचे हे एक कारण मानले जाते.

आता आपल्या घरातले पाहू. आजारातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपण मायेपोटी खाटेवरून हलू देत नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील स्नायू सरासरी सुमारे एक किलोने घटले! मग अशक्तपणा आला म्हणून सलाइनचा आग्रह धरला जातो. सलाइनमध्ये असते पाणी आणि मीठ. त्याने स्नायू भरून येत नाहीत.

अंगात ताप असताना विश्रांतीच हवी. ताप उतरल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिली की रुग्णाला खुर्चीत बसवावे, आधार देऊन चार पावले चालवावे. आहारात वरण, उसळ, दूध, चालत असल्यास अंडी असावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

क्वचित प्रतिकारशक्ती स्नायूंवरच उलटते. या विकाराला मायोसायटिस म्हणतात. जमिनीवरून उठताना त्रास होणे, वेणी घालताना हात वर न राहणे, आणि हे दिवसेंदिवस वाढत जाणे, ही त्याची लक्षणे. अशा वेळी टॉनिकवर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. रक्तातील सीपीके तपासणीने निदानास मदत होते, आणि वेळीच उपचार सुरू केल्यास बहुतेक रुग्णांना चांगला गुण येतो.

पैलवान होण्याची गरज नाही. आहेत ते स्नायू रोज कामाला लावले, तरी पुष्कळ झाले.